मणक्यातली मुंगी

राजनंदिनी इंगवले गोलपोस्टमध्ये उभी राहिली की कोल्हापूरची वाघजाई पेठ पूर्वी हसायची. उंची पाच फूट एक इंच. उडी मारली तरी वरच्या दांडीला बोटं जेमतेम टेकायची. "पोरगी वाघीण हाय, पण पिंजरा मोठा झालाय," असं वाघजाई तालमीच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक पोवारमामा म्हणायचे आणि मोठ्या सामन्याला तिला बाकावर बसवायचे. तिला गोल मारण्यापेक्षा अडवण्यात गोडी होती. समोरून बॉल येताना पोटात जो खड्डा पडतो, त्याच्यासाठी ती खेळायची. पण चोविसावं वर्ष लागलं तरी ती दुसऱ्या नंबरची कीपरच राहिली.

मग तिनं मणक्यात मुंगी बसवून घेतली.

कंपनीनं त्या उपकरणाला 'क्षिप्र' असं भारदस्त नाव दिलं होतं. ते चालू झालं की मानेखाली मुंगी चावल्यासारखी बारीक झिणझिणी यायची, म्हणून कोल्हापुरात सगळे त्याला मुंगीच म्हणत. त्यामागचं शास्त्र तसं सरळ होतं. पेनल्टीचा बॉल अकरा मीटरवरून निघतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत जाळीत असतो. डोळ्यानं बघायचं, मेंदूनं ओळखायचं, ठरवायचं आणि मग हाताला निरोप धाडायचा, एवढ्या कारभारात निम्मा वेळ निघून जातो. म्हणून कीपर अंदाजानं झेपावतात. पण तापल्या तव्याला बोट लागलं तर हात आधी मागे येतो, चटका नंतर कळतो. तिथं मेंदूला कुणी विचारत नाही, मणक्यातल्या मज्जारज्जूतच निकाल लागतो. डॉ. मंजिरी उपळेकर यांनी लकव्याच्या रोग्यांसाठी या गोष्टीचा अभ्यास केला होता. त्यांचं संशोधन एका कंपनीनं विकत घेतलं आणि मैदानावर आणलं. गळपट्टीच्या हाडाखाली डाळीएवढा रडार, मानेच्या मणक्यापाशी मुंगीएवढी चकती. सामन्याच्या बॉलमध्ये एक चिप असे. चिपचा बॉल वेगानं अंगावर आला की रडार त्याची वाट ओळखे आणि चकती थेट हाताच्या नसांना हुकूम सोडे. खांद्याच्या वरून आला तर मूठ, खालून आला तर ओंजळ. मेंदूला नंतर कळे.

"चिप नसलेल्या कुठल्याही वस्तूला हे हात लावणार नाही," असं कंपनीनं लिहून दिलं होतं, आणि ते खरं होतं.

लीगनं प्रत्येक संघाला एका मुंगीची परवानगी दिली. ती चालू असेल तर कीपरच्या जर्सीच्या कॉलरवर हिरवा दिवा लागायचा, म्हणजे प्रेक्षकांनाही कळावं. पहिल्याच हंगामात नंदिनीनं सलग चार पेनल्टी अडवल्या. मुलींच्या सामन्याला स्टँड भरायला लागले. तिचा हिरवा दिवा लागला की "मुंगी, मुंगी" असा जप सुरू व्हायचा. बॉल अडवल्यावर, तो आपण अडवला हे तिला कळायचं. आधी त्याचं तिला नवल वाटायचं, मग सवय झाली.

फक्त एका घरात या कौतुकाला एक वेगळी किनार होती, आणि ते तिचंच घर होतं.

नंदिनीची वहिनी ईश्वरी ही जुनी वेस मंडळाची स्ट्रायकर. जुनी वेस आणि वाघजाई यांच्यात तीन पिढ्यांचं वैर. दोघी शाळेपासून एकमेकींविरुद्ध खेळल्या, एकमेकींच्या नडग्या फोडल्या, आणि त्यातूनच मैत्रिणी झाल्या. पुढे ईश्वरीचं नंदिनीच्या मोठ्या भावाशी, वीरधवलशी जमलं. लग्नात दोन्ही पेठांची पोरं समोरासमोर उभी राहून अक्षता दगडासारख्या फेकत होती, असं अजून लोक हसत सांगतात. लग्नानंतरही ईश्वरीनं माहेरचीच जर्सी घातली. "सून वाघजाईची, पाय जुन्या वेशीचे," असं ती ठणकावून सांगायची. सामन्याच्या दिवशी सासू दोघींच्या बाटल्या लिंबूपाण्यानं भरून द्यायची आणि दोघींनाही "जिंकून या" म्हणायची.

फायनलच्या आदल्या दिवशी एका वाहिनीनं ईश्वरीची मुलाखत दाखवली. त्यात ती म्हणत होती, "आता नंदीला गोल मारायचा म्हंजे मशीनला मारायचा."

नंदिनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. ईश्वरी कणीक मळत होती.

"टीव्हीवर कशाला सांगितलंस? माझ्या तोंडावर म्हणायचंस."

"अगं, त्याच्या आधी लई काय काय बोललो मी. तू चांगली हाईस म्हणून बी बोललो. त्यांनी तेवढंच दाखवलं." कोल्हापूरच्या पोरी 'बोललो, जातो, येतो' असंच म्हणतात, या दोघीही तशाच.

"पण तेवढं बोललीस न्हवं?"

ईश्वरीनं कणकेचे हात झटकले. ती नंदिनीपेक्षा वीतभर उंच होती, आणि चिडली की हनुवटी वर करून बोलायची. "व्हय, बोललो. खोटं काय हाय त्यात? मागच्या वर्षी माझा हेड तुझ्या बापजन्मात अडला नसता. आता मी उडी मारायच्या आधी तुझा हात तिथं असतोय. तुला तरी ठावं असतंय का, का अडवलास ते?"

"वहिनी, तोंड सांभाळ."

"वहिनी बिहिनी न्हाई. ईशी म्हण. दम असंल तर उद्या ती मुंगी बंद कर आणि उभी ऱ्हा. तीन घालतो तुला. तीन."

आई मध्ये पडली म्हणून ते तिथंच थांबलं. त्याच वेळी फळीवरचा स्टीलचा डबा कुणाच्या तरी कोपरानं निसटला. नंदिनीनं ईश्वरीवरची नजर न काढता तो हवेतच धरला. आई म्हणाली, "बघा, घरात बी कीपर." हसलं कुणीच नाही. मुंगी घरात बंद असते, हे त्या रागात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फायनलला मैदानात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. जुनी वेस पूर्वेच्या स्टँडला, वाघजाई पश्चिमेला, मधे पोलिसांची साखळी. नाणेफेक झाली आणि नंदिनी गोलपोस्टकडे जाताना अचानक मधल्या वर्तुळात थांबली. तिनं मनगटावरच्या पट्ट्याचं बटण दाबलं. कॉलरवरचा हिरवा दिवा विझला. मग ती सावकाश चारी स्टँडकडे वळली, गळा ताणून, सगळ्यांना दिसेल अशी.

असा आवाज उठला की पोवारमामांचं ओरडणं त्यात बुडून गेलं. "चालू कर! ए खुळे, चालू कर!"

तिनं केली नाही.

पहिल्या हाफमध्ये ती जी खेळली तशी आयुष्यात कधी खेळली नव्हती. सहा फुटांवरून मारलेला बॉल तिनं ओंजळीत घेतला. डाव्या कोपऱ्यात जाणारा पंजाच्या टोकानं बाहेर काढला. प्रत्येक वेळी ती कॉलरवरच्या विझलेल्या दिव्याला बोट लावून ईश्वरीकडे बघायची. तिच्या छातीत आनंद मावत नव्हता. मी आहे. मशीन नाही, मी आहे. इतकी वर्षं बाकावर बसवलेली मी. हात आपोआप जात होते, पण चांगल्या खेळाडूचे हात आपोआपच जातात की, असं तिला वाटलं.

ईश्वरीही पेटली होती. तिनं नंदिनीच्या एका बचावपटूला कोपरानं पाडलं, पिवळं कार्ड घेतलं, आणि हसत उठली. दोघी एकदा समोरासमोर आल्या तेव्हा ती म्हणाली, "पहिला अजून यायचाय, नणंदबाई."

सामना संपायला वीसेक मिनिटं होती. जुन्या वेशीला कॉर्नर मिळाला. बॉल उंच, वळत, गोलसमोर आला. तीन-चार जणी उडाल्या. सगळ्यांच्या वर ईश्वरी, मान मागे खेचलेली, डोळे सताड उघडे. तिचं डोकं पुढे आलं.

नंदिनीची मूठ गेली.

बॉलवर नाही. बॉल मुठीच्या वरून हातभर अंतरानं गेला. मूठ ईश्वरीच्या डाव्या डोळ्याखाली बसली. चालत्या गाडीवरून नारळ रस्त्यावर पडावा तसा आवाज झाला, आणि तो गोलमागच्या फोटोग्राफरनाही ऐकू आला. ईश्वरी हवेतच सैल झाली. ती खाली पडली ती हात न टेकता, तोंडावर. गवतावर रक्ताची धार उडाली आणि मग थांबेना. गालाचं हाड आत गेलं होतं. डोळा जिथं असायला हवा तिथं नव्हता.

कुणाचाच हात न लागलेला बॉल दुसऱ्या दांडीला आपटून गोलमध्ये गेला. जुन्या वेशीच्या निम्म्या स्टँडला फक्त तेवढंच दिसलं. ते नाचायला लागले. उरलेल्या निम्म्यांना खाली पडलेली ईश्वरी दिसली. एकाच स्टँडमध्ये ढोल आणि किंकाळ्या, काही क्षण दोन्ही. मग ढोल थांबले.

नंदिनी स्वतःच्या मुठीकडे बघत होती. हातमोज्याची बोटं लाल झाली होती. हात तिथं गेला होता हे तिला आत्ता कळत होतं.

"दिवा बंद हुता!" पूर्वेकडून कुणीतरी ओरडलं. "दिवा बंद हुता! मुद्दाम मारलं! ठरवून बंद केलाता तिनं!"

पोलिसांची साखळी सुतळीसारखी तुटली. खुर्च्या उखडल्या गेल्या. एका पोरानं झेंड्याची काठी मोडून तिचं टोक लाइनमनच्या खांद्यात घातलं. रेफ्री पळताना पडला, त्याच्यावरून माणसं गेली. पोवारमामांनी नंदिनीला मागून मिठी मारून खेळाडूंच्या बोगद्याकडे ओढलं आणि त्यांच्या डोक्यावर बाटली फुटली, पण त्यांनी तिला सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत वाघजाई तालमीच्या काचा, आरसे, जुन्या पैलवानांच्या तसबिरी रस्त्यावर चुरा होऊन पडल्या होत्या. वाघजाईच्या पोरांनी जुन्या वेशीत शिरून मोटारसायकली पेटवल्या. दोन्ही बाजूंची मिळून दवाखान्यात जागा पुरली नाही. एक जण तलवारीच्या घावानं गेला. तो सामन्याला आलाही नव्हता, दूध घालून घरी निघाला होता.

वीरधवल दवाखान्यात ईश्वरीपाशी होता. डोळा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो सहीचा कागद हातात धरून तसाच बसून राहिला. मग त्याला लांब व्हरांड्याच्या टोकाला नंदिनी दिसली, दोन पोलिसांच्या मधे. हातमोजे काढलेले, जर्सी तीच.

"दादा," ती म्हणाली, "मी न्हाई..."

तो धावतच आला. त्याला तिला मारायचं होतं की तिच्या गळ्यात पडून रडायचं होतं, हे त्याचं त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. पोलिसांना हलायला अवधीच मिळाला नाही. त्याचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर आला आणि तिची उजवी मूठ खालून वर गेली. जबड्याचं हाड तुटल्याचा आवाज झाला. वीरधवल भिंतीवर आपटून खाली बसला, तोंडातून दात आणि रक्त ओघळत.

"हातकडी! हातकडी घाल तिला!" एक पोलीस ओरडला.

"घाला," नंदिनी म्हणाली. "लवकर घाला. मागं घाला. मी न्हाई मारत. माझं ऐका, मी न्हाई मारत हे."

दुसऱ्या पोलिसानं घाईनं तिच्या समोरून वाकून कमरेच्या पट्ट्यातून बेडी काढली. तिचा डावा हात त्याच्या कपाळावर बसला.

डॉ. मंजिरी उपळेकर पुण्याहून रातोरात आल्या आणि त्यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून मुंगी बाहेर काढली. चकती काचेच्या वाटीत ठेवली. ती धड होती, आणि सामन्याच्या वेळी बंदच होती. यात शंका घ्यायला जागा नव्हती.

जखम भरल्यावर त्यांनी नंदिनीला एका मोकळ्या खोलीत बसवलं आणि सहायकाला समोरून मऊ स्पंजाचे गोळे फेकायला लावले. चिप नसलेले. नंदिनीला हात मांडीवर ठेवायला सांगितलं होतं. तिनं सगळी ताकद लावून ते मांडीवर दाबून धरले. पहिला गोळा सुटला. मूठ वर गेली होती. दुसरा, तिसरा, लाल, पांढरा, लहान, मोठा. प्रत्येक वेळी तेच.

"मुंगी तर काढलीय न्हवं तुम्ही?" तिनं विचारलं.

डॉक्टर मग खुर्ची ओढून बसल्या, मात्र लांब.

"चेहऱ्यावर काही आलं की आपले डोळे मिटतात," त्या म्हणाल्या. "ती एक फार जुनी वाट आहे. डोळ्यांतून मेंदूच्या तळाशी आणि तिथून खाली. माणूस माणूस व्हायच्या आधीची. त्या वाटेनं हातालाही निरोप जातो, पण इतका क्षीण की हात हलत नाही. आता तू वर्षभर रोज सराव केलास. दर वेळी त्या क्षीण निरोपाच्या जोडीनं मुंगीचा जोरकस हुकूम यायचा. दोन्ही एकाच क्षणी, हजारो वेळा. तू इथलीच आहेस. दूधकट्ट्यावर धारेला येणारी म्हैस पाहिलीयस ना? मालक रोज दावं धरून आणतो. मग एक दिवस मालक येत नाही, तरी ती आपली आपण येऊन उभी राहते."

"म्हंजे माझा हात शिकला."

"मज्जारज्जू शिकला. मुंगीला चिप कळायची. या वाटेला चिप कळत नाही. वेगानं जवळ येणारं काहीही चालतं तिला. डोकंसुद्धा." डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला हे सुचायला हवं होतं. मज्जारज्जू शिकतो, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत आले."

"परत विसरंल?"

"माहीत नाही. वर्षं लागतील. खांद्यापासच्या नसा कापल्या तर लगेच थांबेल, पण मग दोन्ही हात लुळे."

नंदिनी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घालूनच विचारलं, "एकदम दोन गोष्टी आल्या तर? एका टायमाला? हात कुणाकडं जातो?"

"जिकडं तू बघत असशील तिकडं," डॉक्टर सहज म्हणाल्या. "डोळ्यांचीच वाट ना ती."

कंपनीचा माणूस तिला भेटायला आला तो मिठाई घेऊन. घाबरलेला वगैरे नव्हता. उलट खूश होता. वर्षभर मुंगी वापरायची आणि मग काढून टाकायची, जन्मभराची चपळाई अंगात राहते, हे तर त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. फौजेला हवं होतं, पोलिसांना हवं होतं. परदेशातल्या एका नव्या लीगला तर अशाच कीपर हव्या होत्या ज्यांचा नेम कशावर बसेल ते सांगता येत नाही. तो सामना जगभर कितीदा पाहिला गेला, ते त्यानं कौतुकानं सांगितलं. "लोकांना तोच एक क्षण परत परत बघायचाय, मॅडम. तुम्ही फक्त एवढंच म्हणा की खेळात झालेला अपघात होता. हात शिकण्याचं वगैरे चौकशीत काढू नका. वकील आमचा." बोलता बोलता तो पुढे वाकून पेढा द्यायला लागला. आईनं किंचाळून त्याला मागे ओढलं म्हणून तो वाचला.

नंदिनीनं चौकशीत सगळं काढलं. डॉक्टरांनी स्वतःच्या बदनामीची पर्वा न करता तिला दुजोरा दिला. न्यायाधीशांसमोर स्पंजाचे गोळे पुन्हा फेकले गेले. कोर्टात बघ्यांची एवढी गर्दी होती की खिडक्यांना माणसं लटकली होती, आणि मूठ वर गेली की त्यातले काही टाळ्या वाजवत होते. निकाल लागला. क्षिप्रची परवानगी देशभर थांबवली. राजनंदिनी इंगवले हिच्या मनात इजा करण्याचा हेतू नव्हता, कृती तिच्या इच्छेविना घडली, सबब ती निर्दोष. यापुढे मैदानावर उतरायला मात्र बंदी.

पेठेनं गुलाल उधळला. पोवारमामा डोक्याला टाके असतानाही रडत रडत नाचले. तारांनी जबडा बांधलेला वीरधवल लांबूनच हात जोडून उभा राहिला. त्यानं तिला माफ केलं होतं, निदान तसं वहीच्या पानावर लिहून दाखवलं. ईश्वरी दवाखान्यातून थेट माहेरी गेली होती आणि कुणाचाच फोन घेत नव्हती.

घरी सगळे म्हणत होते, सुटलीस. नंदिनी जेवायची नाही. आई ताट लांबून सरकवायची. इतक्या साक्षी झाल्या, इतके प्रश्न विचारले गेले, पण एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

एका सकाळी ती कुणाला न सांगता उठली आणि चालत जुन्या वेशीत गेली.

वाघजाईच्या माणसानं त्या गल्लीत पाऊल टाकायचे ते दिवस नव्हते. कोपऱ्यावरची चहाची टपरी गप्प झाली. कुणीतरी शिवी दिली. जळालेल्या मोटारसायकलींचे डाग अजून फरशीवर होते. ती मधोमध चालत राहिली. मागून पहिला दगड पाठीत बसला. पाठीला डोळे नव्हते, त्यामुळे हात हलले नाहीत. तिनं दात आवळले. मग समोरच्या गच्चीवरून एकानं अर्धी वीट नेम धरून फेकली. तिची ओंजळ छातीपाशी मिटली आणि वीट तीत होती. गल्लीतली माणसं दोन पावलं मागे सरली. नंदिनीनं वीट हळूच खाली ठेवली आणि पुढे गेली. बोटांतून रक्त येत होतं.

ईश्वरीच्या भावानं दार उघडलं आणि लावायला घेतलं. आतून आवाज आला, "येऊ दे तिला."

ईश्वरी खिडकीशी बसली होती. डाव्या डोळ्यावर पट्टी, गाल आत बसलेला. एका बाजूनं ती पूर्वीचीच होती आणि दुसऱ्या बाजूनं कुणी तरी अनोळखी म्हातारी. नंदिनी दारापाशीच भिंतीला टेकून खाली बसली.

"निकाल वाचला मी," ईश्वरी म्हणाली. "सुटलीस. बरं झालं. मला बी ठावं हुतं, तू आपणहून न्हाई मारायचीस. आता जा."

"ईशी, एक सांगायचंय."

"माफी नको मागूस. कंटाळा आलाय."

"माफी न्हाई." नंदिनी म्हणाली. "त्या टायमाला दोन गोष्टी आल्या हुत्या माझ्याकडं. बॉल आणि तुझं डोकं. हात मी न्हाई उचलला, ते खरं हाय. पण हात तिकडंच जातो जिकडं नजर असती. डॉक्टर म्हणाल्या. कोर्टात कुणी विचारलं न्हाई."

ईश्वरी खिडकीकडून तिच्याकडे वळली.

"माझी नजर बॉलवर न्हव्हती. एवढ्या वर्षांत बॉलवरनं नजर काढली न्हाई मी कधी. त्या दिवशी सगळ्या मॅचभर तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. तुझं तोंड कसं पडतंय ते बघायचं हुतं मला. कॉर्नर आला तवा पण." तिनं आताही नजर काढली नाही. "मारायचं न्हव्हतं. पण बघत तुलाच हुतो, ईशी. नजर माझीच हुती. ती मुंगीची न्हाई."

ईश्वरीच्या उरलेल्या डोळ्यात आधी काही कळल्याचं दिसलं आणि मग हळूहळू राग भरत गेला. इतके महिने तो राग कुणावर काढावा हे तिला सापडलं नव्हतं. यंत्रावर काढता येत नव्हता, मज्जारज्जूवर येत नव्हता, निर्दोष माणसावर तर मुळीच नाही. ती उठली.

"हात मागं घे," ती म्हणाली.

"ऱ्हाणार न्हाईत ते. बांध."

ईश्वरीनं दोरीवरची ओढणी ओढली. नंदिनी भिंतीपासून पुढे सरकल्यावर तिच्या मागं जाऊन, एका डोळ्यानं गाठ नीट दिसत नव्हती तरी चाचपत, तिनं दोन्ही मनगटं घट्ट आवळली. मग समोर येऊन उभी राहिली. आणि पूर्ण हात मागे नेऊन तिनं नंदिनीच्या गालावर चपराक मारली. नंदिनीचे खांदे उखडल्यासारखे झाले, ओढणी कचकन ताणली गेली, पण गाठ सुटली नाही. दुसरी मारली. तिसरीला नंदिनीचा ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. दारात उभा असलेला भाऊ पुढे झाला, तर ईश्वरी त्याच्यावर ओरडली, "तू बाहेर हो!"

ती धापा टाकत होती. हात हुळहुळत होता, तो तिनं कुर्त्याला पुसला.

"ह्या मी मारल्या," ती म्हणाली. "माझ्या मनानं. कळलं? कुणी शिकवलेल्या न्हाईत."

"व्हय."

ईश्वरी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. खांद्याला खांदा लागत होता. मग ईश्वरी रडायला लागली, एकाच डोळ्यानं. नंदिनीला तिचा डोळा पुसता आला नाही, कारण तिचे हात बांधलेले होते. नंतर ईश्वरीनंच दातांनी ओढून गाठ सोडवली आणि ओढणीच्या टोकानं आधी नंदिनीची हनुवटी पुसली, मग स्वतःचं नाक.

"जा आता," ती म्हणाली. "परत कधी येऊ, म्हणून विचारू नगंस. मला ठावं न्हाई."

नंदिनी उठली. मागच्या दाराकडे वळली, तसं ईश्वरीनं तिचं मनगट धरलं. सावकाश धरलं, त्यामुळे हात काहीच बोलला नाही.

"चोरासारखी मागनं कशाला? पुढनं जा."

गल्लीत आता जास्त माणसं जमली होती. कुणाकुणाच्या हातात दगड होते. नंदिनी उंबरा ओलांडून खाली उतरली आणि तिच्या मागोमाग ईश्वरी दारात येऊन उभी राहिली. कित्येक महिन्यांनंतर ती पहिल्यांदा बाहेर दिसत होती. तिनं डोळ्यावरची पट्टी काढून हातात घेतली होती. ती हनुवटी वर करून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ज्याच्याकडे ती बघे त्याची मान खाली जाई. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत नंदिनीच्या पाठीवर एकही दगड आला नाही.